आधी थवा मोजा: शरदातले दुर्मिळ किनारपक्षी शोधायचे कसे

किनाऱ्यावर काहीतरी दुर्मिळ दिसावं असं मनापासून वाटत असेल तर माझा सल्ला एकच, समोरचा थवा मोजा. अंदाजपंचे नाही, एकेक पक्षी मोजा. रटाळ वाटतं ऐकायला, मान्य, पण नुसतं बघत असतो तेव्हा नजर पाचशे स्टिंटवरून (हे अगदी चिमुकले किनारपक्षी) सरकत जाते आणि डोकं सांगतं की हे सगळे सारखेच, चला पुढे. मोजायला लागलं की प्रत्येक पक्ष्यावर क्षणभर थांबावंच लागतं आणि तेवढ्यात काहीतरी खटकतं, ह्याची चोच जरा खाली वाकलीये, हा बाकीच्यांपेक्षा बुटका उभा आहे, ह्याचे पाय पिवळट आहेत. तिथून पुढचं सगळं सुरू होतं. ज्यांना सतत काही ना काही वेगळं दिसतं ते नशीबवान असतात असं लोक म्हणतात, माझ्या मते ते फक्त नेहमीचे पक्षी इतक्या वेळा आणि इतक्या नीट बघून बसलेत की वेगळा आला की त्यांना तो लगेच टोचतो.

दुसरी गोष्ट, एखाद्या किनाऱ्यावर हजारोंनी उतरणारा पक्षी दुसऱ्या किनाऱ्यावर दहा-दहा वर्षं दिसत नाही. त्यामुळे जगातले दुर्मिळ पक्षी पाठ करण्याआधी आपल्या किनाऱ्याची यादी पाठ करा, कुठला पक्षी कुठल्या महिन्यात येतो, साधारण किती येतात. ई-बर्ड ह्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर कुठल्याही भागाचा बार चार्ट मिळतो, आठवड्यागणिक कुठली जात किती वेळा नोंदली गेलीये ते त्यात पट्ट्यांमधून दिसतं, आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. ते डोक्यात असलं की ऑगस्टमध्ये नेहमीचा असलेला पक्षी डिसेंबरात दिसला तरी तुम्ही थांबाल, नाहीतर निघून जाल.

कधी जायचं

शरद म्हटलं की आपल्याला सप्टेंबर-ऑक्टोबर आठवतो, पण ह्या पक्ष्यांचा परतीचा प्रवास त्याच्या खूप आधी सुरू होतो. बरेचसे किनारपक्षी आर्क्टिक आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात वीण करतात, तिथला उन्हाळा इतका छोटा की सगळं काही आठवड्यांत उरकावं लागतं. ज्यांची अंडी किंवा पिल्लं गेली ते जूनच्या शेवटीच दक्षिणेकडे निघतात. मग एक पालक निघतो, कर्ल्यू सँडपायपरमध्ये नर आधी जातात आणि पिल्लांचं सगळं मादी बघते, स्पॉटेड रेडशँकमध्ये उलट, मादी आधी निघते. आणि सगळ्यात शेवटी यंदाची पिल्लं, एकटी, आई-बाप बरोबर नसताना, कधीच न केलेल्या प्रवासाला.

म्हणजे दोन लाटा असतात हे लक्षात ठेवा. पहिली लाट जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, त्यात मोठे म्हणजे प्रौढ पक्षी, पिसं झिजलेली, काहींच्या अंगावर अजून विणीच्या हंगामातला विटकरी किंवा काळा रंग शिल्लक. दुसरी साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, त्यात ज्युवेनाइल पक्षी म्हणजे यंदाची पिल्लं, सगळी पिसं एकदम नवी कोरी. (हे उत्तरेकडच्या किनाऱ्यांचं झालं, जितकं दक्षिणेला जाल तितक्या ह्या लाटा काही आठवडे उशिरा येतात.)

दुर्मिळ पक्षी शोधणाऱ्याने दुसऱ्या लाटेवर जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं, कारण वाट चुकून भलतीकडे पोचणाऱ्यांत ह्या पिल्लांचं प्रमाण मोठं असतं. दिशेचं ज्ञान त्यांच्यात उपजतच असतं पण अनुभव शून्य, वाऱ्याने ढकललं तर सावरायचं कसं ते शिकायचंच असतं. आणि तरीही ती काय करू शकतात बघा, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सॅटेलाइट टॅग लावलेला एक बार-टेल्ड गॉडविट, जेमतेम पाच महिन्यांचा, अलास्कातून निघून कुठेही न थांबता 11 दिवसांत टास्मानियाला पोचला, अंतर साधारण 13,560 किलोमीटर. शार्प-टेल्ड सँडपायपरचं तर आणखी गमतीशीर, मोठे पक्षी सायबेरियातून थेट दक्षिणेला जातात पण पिल्लांपैकी बरीच आधी पूर्वेला अलास्कात जातात, तिथे चरून चरबी साठवतात आणि मग पॅसिफिक ओलांडतात, त्यामुळे उत्तर अमेरिकेत शरदात दिसणारे जवळजवळ सगळे शार्प-टेल्ड ज्युवेनाइल असतात. म्हणून पक्ष्याचं वय ओळखणं हे ह्या कामात अर्धी ओळख आहे, त्यावर पुढे बोलूच.

भरती-ओहोटी समजल्याशिवाय घरातून निघू नका

हे मी सगळ्यात ठासून सांगेन. किनारपक्ष्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही, पाण्यावर चालतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते मैलभर पसरतात, तुम्हाला दिसतात ते फक्त ठिपके आणि तेही तापलेल्या हवेत थरथरणारे. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की ते सगळे उडून कुठल्यातरी कोरड्या जागी दाटीवाटीने उभे राहतात, ते त्यांचं रूस्ट. ह्या दोन्हींच्या मधली वेळ, भरती पूर्ण होण्याआधीचे दोन-तीन तास, ही खरी. पाणी चढत जातं तसे पक्षी चरत चरत तुमच्याच दिशेने ढकलले जातात, तुम्ही फक्त आधीपासून योग्य जागी शांत बसलेले असायला हवं. तुम्ही त्यांच्याकडे जायचं नाही, पाणी त्यांना तुमच्याकडे आणतं.

आता उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, नेमकं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी एक-दोन दिवस नंतर, उधाणाची भरती येते, सगळा चिखल बुडतो आणि पक्ष्यांना रूस्टवर यावंच लागतं. त्या दिवशी रूस्टवर मोजणी करा, एवढे पक्षी एकत्र परत मिळणार नाहीत. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी अर्ध्यातच थांबतं, पक्षी लांब चिखलातच राहतात आणि तुम्ही किनाऱ्यावर वाट बघत बसता. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी सातला मस्त जमलं म्हणून पुढच्या रविवारी सातलाच गेलात तर पाणी भलतीकडेच असणार. आणि भरतीच्या तक्त्यातली वेळ एखाद्या बंदराची असते, खाडीच्या आत भरती उशिरा पोचते, किती उशिरा ते एकदा स्वतः बघून वहीत लिहून ठेवा, तो आकडा अॅपवर सहसा मिळत नाही. समुद्राकडून जोराचा वारा असेल तर पाणी तक्त्यापेक्षा जास्त चढतं हेही ध्यानात असू द्या. भूमध्य किंवा बाल्टिक समुद्रासारख्या ठिकाणी भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, तिथे वारा कुठून वाहतोय आणि सरोवरांत पाणी किती आहे ह्यावर सगळं ठरतं.

चिखलात उतरायचं नाही. वरून घट्ट वाटतो आणि दोन पावलांत गुडघाभर आत नेतो, वर पाणी पाठीमागून ओढ्यांतून आधी भरतं आणि परतीची वाट बंद होते. एकटे जात असाल तर घरी सांगून जा.

कुठे बघायचं

उघडा चिखल सगळ्यांना माहीत असतो, पण वेगळे पक्षी बऱ्याचदा त्याच्या कडेकडेला सापडतात. मिठागरं, त्यातल्या उथळ पाण्याच्या कुंड्या, खाजणं, नदीमुखाजवळचे वाळूचे दांडे, तिवरांच्या आतल्या मोकळ्या जागा, पावसाने साचलेली किनाऱ्याजवळची गोड्या पाण्याची डबकी, सांडपाण्याचे तलाव (वास सहन करा, पक्षी भरपूर असतात). लांब बोटांचे (लाँग-टोड) स्टिंट, वुड सँडपायपर, पेक्टोरल सँडपायपर असे पक्षी उघड्या चिखलापेक्षा अशा गवताळ ओल्या जागी जास्त. गोल्डन प्लोव्हर आणि प्रॅटिनकोल तर चक्क कोरड्या माळावर, मैदानावर, विमानतळाच्या गवतात. खडकाळ किनारा लोक सोडून देतात, तिथे टर्नस्टोन आणि टॅटलर असतात. पुळणीवर लाटेच्या मागे-पुढे धावणारे फिकट पक्षी म्हणजे सँडर्लिंग, त्यांच्यात मिसळलेला एखादा वेगळा पळणारा आहे का बघा.

एकच जागा निवडा आणि तिथेच परत परत जा, हे नवीन नवीन जागा फिरण्यापेक्षा कितीतरी जास्त शिकवतं. ही जागा घरापासून जवळ असावी, नाहीतर भरतीच्या वेळा सांभाळणं जमत नाही. अशा जागा कमीही होत चालल्यात, दक्षिण कोरियातल्या सेमानगमला 33 किलोमीटरची भिंत 2006 मध्ये पूर्ण झाली आणि प्रचंड मोठा चिखलपट्टा समुद्रापासून तुटला, तिथे थांबणारे ग्रेट नॉट शेजारच्या किनाऱ्यांवर तेवढ्या संख्येने गेलेले दिसले नाहीत. म्हणजे एक जागा गेली की पक्षी दुसरीकडे सरकतात हा समज चुकीचा आहे.

मोजायचं कसं

सूर्य पाठीशी घ्या, हे पहिलं. उजेडाच्या विरुद्ध बघितलं तर सगळे पाय काळे आणि सगळ्या पाठी राखाडी दिसतात, त्यातून झालेल्या चुकीच्या ओळखींना गणती नाही. दुर्बीण 8 बाय 42 ची पुरते, पण रूस्टसाठी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची एकनळी दुर्बीण, लागतोच, 20 ते 60 पट वाला, आणि ट्रायपॉड हलका नको, वाऱ्यात हलतो. कोणाकडे स्कोप नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याबरोबर जा, ह्या नादातली माणसं स्कोपमधून दाखवायला नेहमी तयार असतात. दुपारच्या उन्हात 60 पट झूम करून काही उपयोग नाही, हवाच उकळत असते, तेव्हा 25-30 वर ठेवा.

थव्याच्या एका टोकापासून सुरू करा, दुसऱ्या टोकापर्यंत एकाच जातीची मोजणी करत जा, समजा डनलिन. मग परत फिरा आणि सँड प्लोव्हर मोजा. परत एकदा, स्टिंट. प्रत्येक फेरीत "हा त्यातला नाही" असं वाटलेल्या पक्ष्यांवर परत यायचं. रूस्टवर सगळे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे असतात त्यामुळे एका बाजूने बसलात तर सगळ्यांची कूस दिसते, जागा निवडताना वारा बघा. झोपलेले, एका पायावर उभे, चोच पिसांत खुपसलेले पक्षी ओळखता येत नाहीत म्हणून कंटाळू नका, पाणी थोडं चढलं की सगळा थवा एकदा सरकतो, तेव्हा चोची बाहेर येतात. मग पुन्हा पहिल्यापासून.

आणि चरणाऱ्या पक्ष्यांकडे बघताना चाल बघा, रंग नंतर. प्लोव्हर म्हणजे चिखल्या डोळ्यांवर जगतात, धावतात, थबकतात, टिपतात, परत धावतात, आणि एकमेकांपासून अंतर ठेवून असतात. सँडपायपर चोचीने चाचपतात, मान खाली घालून सतत टोचत राहतात आणि घोळक्याने फिरतात. गॉडविटच्या घोळक्यात एखाद्याची चोच सरळ, पूर्ण काळी, टोकाला जरा जाड आणि तो शिवणयंत्राच्या सुईसारखा खालीवर टोचतोय असं दिसलं तर आशियाई डाउइचर आहे का ते तपासा, बार-टेल्ड गॉडविटची चोच बुडाशी गुलाबी आणि किंचित वर वळलेली असते. टेरेक सँडपायपर तर पळण्यावरूनच कळतो, बुटका, पिवळट-नारिंगी पाय, वर वळलेली चोच आणि अंगात आल्यासारखा खेकड्यांमागे धावतो.

ओळख: आधी वय, मग बांधा, मग पिसं

ज्युवेनाइल ओळखायला सोपा. पाठीवरची सगळी पिसं सारख्याच वयाची, सारखीच ताजी, प्रत्येकाला फिकट स्वच्छ कड, त्यामुळे पाठ खवल्याखवल्यांची दिसते. मोठ्या पक्ष्याची पिसं झिजलेली, मध्येच जुनं काळपट, मध्येच नवं राखाडी. हिवाळी पिसारा म्हणजे वरून एकसारखा राखाडी, खालून पांढरा. वय ठरवलं की तुलना कोणाशी करायची ते ठरतं, नाहीतर माणूस ज्युवेनाइल पक्ष्याची तुलना पुस्तकातल्या हिवाळी चित्राशी करत बसतो आणि नेहमीच्याच पक्ष्याला दुर्मिळ ठरवतो.

बांधा म्हणजे प्रमाण. चोच डोक्याच्या लांबीपेक्षा मोठी की छोटी, पाय लांब की आखूड, उभ्या पक्ष्याच्या पंखांची टोकं शेपटीच्या पुढे जातात का. एकट्या पक्ष्याचा आकार कधीही सांगू नका, वाळूवर एकटा उभा असलेला पक्षी हमखास मोठा वाटतो, शेजारी ओळखीचा पक्षी येऊ द्या.

काही जोड्या ज्यांवर वेळ घालवलात तर फायदा होईल. डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर, उडताना कर्ल्यू सँडपायपरच्या शेपटीच्या वरचा भाग शुभ्र पांढरा, डनलिनला तिथे मधोमध काळी पट्टी, शिवाय कर्ल्यू सँडपायपरचे पाय आणि मान लांब. ब्रॉड-बिल्ड सँडपायपरची भुवई (डोळ्यावरची फिकट पट्टी) दुहेरी असते आणि चोच टोकाशी एकदम खाली मोडल्यासारखी. ग्रे प्लोव्हर आणि पॅसिफिक गोल्डन, उडताना ग्रे प्लोव्हरच्या काखेत काळा डाग, गोल्डनला नाही, इतकं सोपं, फक्त उडेपर्यंत धीर धरा. गॉडविटमध्ये ब्लॅक-टेल्डच्या पंखावर ठळक पांढरी पट्टी, बार-टेल्डला ती नसते. सँड प्लोव्हरचा विषय मोठा आहे, ग्रेटरची चोच लांब आणि जाडजूड, पाय लांब आणि हिरवट, लेसरची चोच आखूड, आणि आता लेसरचेही सायबेरियन आणि तिबेटी असे दोन वेगळे पक्षी मानतात, हिवाळी पिसाऱ्यात ते दोघं वेगळे करणं फार अवघड, नुसतं सँड प्लोव्हर लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

स्टिंटवर थोडं जास्त बोलतो कारण खरा खजिना तिथे असतो. पाय पिवळट किंवा हिरवट असतील तर टेमिंक्स किंवा लाँग-टोड, टेमिंक्सच्या शेपटीच्या कडा पांढऱ्या आणि छाती धुरकट एकसारखी, लाँग-टोड जास्त रेघांचा आणि मान ताणून उभा राहणारा. पाय काळे असतील तर लिटल किंवा रेड-नेक्ड हे दोघं आधी डोक्यात हवेत. ज्युवेनाइल लिटल स्टिंटच्या पाठीवर इंग्रजी व्ही च्या आकाराच्या दोन स्पष्ट पांढऱ्या रेघा असतात, रेड-नेक्डच्या ज्युवेनाइलला त्या फिकट, आणि पाठीवरच्या तांबूस पिसांच्या खाली पंखाची पिसं राखाडी उठून दिसतात, शिवाय तो पायाने आखूड आणि अंगाने लांबट. दोघंही हिवाळी पिसाऱ्यात असतील तर पक्षी स्टिंट म्हणून सोडून द्या. पण पायाचा रंग ठरवण्याआधी पायाला चिखल लागलाय का ते बघा, चिखलाने माखलेले पिवळे पाय काळे दिसतात आणि हे सारखं होतं.

आणि स्पून-बिल्ड सँडपायपर, चमच्यासारख्या चोचीचा. उत्तर-पूर्व रशियात चुकोत्काच्या आसपास वीण, हिवाळा म्यानमार, बांगलादेश ह्या पट्ट्यात, जगात उरलेत काहीशेच. लोकांना वाटतं एवढी विचित्र चोच लगेच दिसेल, पण कुशीकडून बघताना ती साधी जाडसर काळी चोच दिसते, समोरून आल्यावरच चमचा कळतो. त्यामुळे स्टिंटच्या घोळक्यात चोच चिखलात ठेवून डोकं डावीउजवीकडे हलवणारा कोणी असेल तर तो समोर तोंड करेपर्यंत स्कोप हलवू नका. त्याच पट्ट्यातला नॉर्डमन्स ग्रीनशँक पण असाच, नेहमीच्या ग्रीनशँकपेक्षा पाय आखूड आणि पिवळट, चोच जाड आणि दोन रंगांची.

आवाज शिका. व्हिंब्रेल एका सुरात सात-एक शिट्ट्या मारतो, ग्रीनशँक तीन मोकळे च्यू-च्यू-च्यू, ग्रे प्लोव्हर उदास लांबवलेली तीन अक्षरं, टेमिंक्स कोरडा टिर्रर्र. धुक्यात किंवा डोक्यावरून जाणारा थवा आवाजावरूनच पकडता येतो आणि शंभर लिटल स्टिंटमधून टेमिंक्स उडाला तर तो टिर्रर्रच सांगतो.

हवामान

रात्री पाऊस, समोरचा वारा किंवा धुकं असलं की वरून जाणारे पक्षी खाली उतरतात, दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर पोचा. छोटे पक्षी बहुतेक रात्रीच प्रवास करतात आणि जमिनीकडून वारा असेल तर समुद्रावर ढकलले जातात, उजाडल्यावर किनारा दिसला की पहिल्या झाडात शिरतात. म्हणून थवा मोजून झाला की भूशिरावरची एकटी झाडं, झुडपं, कुंपणं बघितल्याशिवाय परतू नका, माशीमार, खाटीक, वटवटे, धोबी, काहीही निघू शकतं, आणि ऊन वर चढलं की ते आत सरकतात.

वादळानंतर वेगळाच खेळ. समुद्रावरच राहणारे पक्षी किनाऱ्यालगत येतात, शिअरवॉटर, पेट्रेल, स्कुआ, नॉडी, सूटी टर्न, फ्रिगेटबर्ड. उंच सुरक्षित जागी बसा, वारा ओसरायला लागला की पहिले काही तास सगळ्यात चांगले. वादळ चालू असताना पाण्याच्या काठाला जायचं नाही. थकून वाळूवर बसलेला पक्षी सापडला तर त्याला परत पाण्यात फेकू नका आणि तोंडात काही कोंबू नका, हवेशीर खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाला किंवा पक्षी वाचवणाऱ्या माणसांना फोन करा.

पक्ष्यापेक्षा फोटो मोठा नाही

हे पक्षी तुमच्या किनाऱ्यावर आराम करायला आलेले नसतात, भरायला आलेले असतात. लांब उड्डाणाआधी गॉडविटच्या शरीरात वजनाच्या निम्म्याच्या आसपास चरबी साठते आणि आतडी, जठर आकसून लहान होतात, इतकी काटेकोर तयारी असते. रूस्टवरून एकदा उडवलं की त्यातला थोडा साठा फुकट जातो, दिवसातून पाच वेळा उडवलं तर कल्पना करा. पक्ष्यांनी माना वर केल्या, चरणं थांबवलं, एकाच दिशेला चालायला लागले की तुम्ही जास्त जवळ आलायत, तिथेच खाली बसा किंवा मागे सरका. बरोबर कुत्रा नको. ड्रोन तर नकोच नको, आणि आवाज वाजवून बोलावणं पण नको.

फोटो लांबून, वाईट आला तरी चालेल, ओळखीसाठी कामाचा असतो. कूस, समोरून चोच, पाय, आणि जमलं तर उडताना उघडे पंख आणि शेपूट. वेगळा पक्षी दिसला की लगेच मोबाईल काढून पुस्तक उघडू नका, आधी पक्षी बघा आणि जे दिसतंय ते वहीत लिहा, चोच, पाय, भुवई, पाठ, आवाज, शेजारी कोण होता, उजेड कुठून होता, पाणी किती होतं. जे दिसलं नाही तेही लिहा. पुस्तक आधी उघडलं की पुस्तकात आहे तेच दिसायला लागतं. मग सगळं लिहून झाल्यावर आधी नेहमीच्या पक्ष्यांपैकी कोणी आहे का ते मनापासून तपासा, झिजलेला, ओला, पिसं गळत असलेला, चोच वाकडी वाढलेला. त्यातून सुटला तरच दुर्मिळाकडे वळा.

मोजणी पूर्ण नोंदवा, नुसता दुर्मिळ पक्षी नको, सगळ्यांचे आकडे. स्लेंडर-बिल्ड कर्ल्यूची शेवटची खात्रीशीर नोंद 1995 मध्ये मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गाची, त्यानंतर कित्येक वर्षं लोक शोधत राहिले आणि 2025 मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आणि आज ज्यांना आपण "रोजचेच" म्हणतो त्या ग्रे प्लोव्हर आणि कर्ल्यू सँडपायपरला 2024 मध्ये आययूसीएन ह्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत धोक्यात आलेल्यांच्या गटात टाकलंय. कमी होतायत हे कळतं ते कोणीतरी वर्षानुवर्षं बसून रोजचे पक्षी मोजले म्हणूनच. तुमच्या वहीतला "डनलिन 212" हा आकडा त्याच कामाचा आहे.

जागा सांगताना जरा थांबा. रूस्ट छोटं असेल, जागा खाजगी असेल किंवा पक्षी फारच नाजूक अवस्थेत असेल तर नोंद करा पण नकाशावरची नेमकी खूण सगळीकडे पाठवू नका, ई-बर्डवर काही संवेदनशील जातींची नेमकी जागा आपोआप लपवली जाते, इतर ठिकाणी ती काळजी तुम्हालाच घ्यावी लागते. ओळख पक्की नसेल तर एकदोन अनुभवी माणसांना फोटो आणि वर्णन दोन्ही पाठवा, फक्त फोटो नको, आणि त्यांनी "नाही" म्हटलं तर कारण विचारा, त्या कारणातून पुढच्या वेळेचं शिकणं असतं.

आणि मोजताना पायांवर नजर ठेवा, कारण काहींच्या पायात रंगीत फ्लॅग, म्हणजे अभ्यासकांनी पक्षी पकडून लावलेल्या छोट्या पट्ट्या, असतात. ईस्ट एशियन-ऑस्ट्रेलियन उड्डाणमार्गावर (आर्क्टिकपासून पूर्व आशियामार्गे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंतचा पक्ष्यांचा रस्ता) प्रत्येक ठिकाणाचा रंग ठरलेला आहे, पिवळा म्हणजे उत्तर-पश्चिम ऑस्ट्रेलिया, नारिंगी म्हणजे व्हिक्टोरिया, पांढरा म्हणजे न्यूझीलंड, वर काळा आणि खाली पांढरा असे दोन असतील तर चीनमधलं चोंगमिंग. फ्लॅग दिसला की जात, पाय डावा की उजवा (पक्ष्याचा, तुमचा नाही), फ्लॅग गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, रंग, दोन असतील तर वरचा कुठला खालचा कुठला, आणि वाचता आलीच तर त्यावरची अक्षरं, एवढं लिहून घ्या. उन्हात उडालेला नारिंगी पिवळा दिसतो आणि जुना पांढरा मातकट, त्यामुळे रंगाची खात्री नसेल तर "नारिंगी किंवा पिवळा" असंच लिहा. दुसऱ्या पायातली धातूची रिंग विसरू नका. फोटोसह ही माहिती त्या उड्डाणमार्गाच्या रिंगिंग केंद्राकडे (पक्ष्यांना लावलेल्या रिंगा-फ्लॅगची नोंद ठेवणारं केंद्र) पाठवली की हा पक्षी कुठे आणि कधी पकडला होता ते बऱ्याचदा कळवतात.